रांगेचं गणित : संथ आधी, चपळ शेवटी

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातल्या एका सुपरवायझर बाईंचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे. 'सगळ्या मुलींना सगळ्या मशिनी येतात. मग कुणाला कधी कुठे हलवायचं, ते दिवसभर मीच बघत बसायचं का?'

बसायचं नाही. जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आयझेनस्टाइन यांनी 1996 साली सिद्ध केलं की अशी लाइन स्वतःच स्वतःला सावरते. नियम एवढाच : हातातला नग घेऊन मशीनमागून मशीन पुढे जात राहायचं. शेवटच्या कारागिराचा नग पुरा झाला की त्याने मागे येऊन आधीच्याच्या हातातला अर्धवट नग घ्यायचा. त्याने त्याच्या मागच्याचा. पहिल्याने नवा नग सुरू करायचा. आणि उभं करायचं ते सर्वांत संथ कारागिराला सुरुवातीला, सर्वांत चपळ कारागिराला शेवटी.

आकडे घालून बघा. शर्टाचं काम 48 सारख्या भागांचं आहे. नवखी तासाला 16 भाग करते, सराईत 32. पहिल्यांदा नग हातबदल झाला तो 24 भागांनंतर. सराईत उरलेले 24 संपवते, तोवर नवखीचे नव्या नगावर 12 होतात. पुढचा हातबदल 12 वर, मग 18, मग 15, मग साडेसोळा. फरक दर फेरीला निम्मा होत होत हद्द 16 वर येऊन ठरते आणि तासाला एक शर्ट पडतो. हद्द कुणी आखून दिलेली नाही!

आता क्रम उलटा करा. हद्द 32 वर ठरायला हवी. सुरुवात 30 ने केली तर पुढचे हातबदल 36, 24, 48. फरक दुपटीने वाढतो आणि सराईत नवखीच्या पाठीला येऊन टेकते.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. स्टॉपवॉच लावून कागदावर बसवलेला समतोल एक मुलगी गैरहजर राहिली की मोडतो. इथे उरलेल्यांच्या हद्दी आपोआप सरकतात. शिवाय मशिनींमध्ये बंडलांचे ढीग साचत नाहीत, कारण माणसं तितकेच नग. लिटलचा नियम (लाइनमधले नग भागिले तासाला पुरे होणारे नग, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ) लावा : दोन नग, तासाला एक, म्हणजे प्रत्येक शर्ट दोन तासांत बाहेर.

रेव्हको या अमेरिकी औषध-साखळीच्या गोदामात ऑर्डरी गोळा करायला हीच पद्धत लावली, तेव्हा वेग 34 टक्क्यांनी वाढला.

बाई, दोन गोष्टी मात्र सांभाळा. मशिनी माणसांपेक्षा जास्त लागतात आणि उभ्याने काम करावं लागतं. दुसरी नाजूक आहे : हे सगळं गणित, चपळ ती प्रत्येक कामात चपळ, असं धरून चालतं. एखादी कॉलरला झपाट्याची आणि काजाला अडखळणारी असेल, तर हद्द ठरेलच असं नाही. आधी एकाच लाइनवर करून बघा आणि हातबदल कुठे कुठे झाले ते मला लिहून पाठवा.