बाजूस ठेविलेले हात

माझ्या थोरल्या बंधूंचा नातू व्यवस्थापनशास्त्र शिकतो. परवा तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "धाकटे आजोबा, आम्हांला ‘सोशल इनोव्हेशन’वर निबंध लिहायचाय. ह्याला मराठीत काय म्हणू?" मी ‘सामाजिक नवोपक्रम’ असा शब्द त्यास काढून दिला, पण शब्द दिला म्हणजे अर्थ दिला असे होत नाही, हे जन्मभर शिक्षकी केलेल्या मनुष्यास कळावयास हवे. त्याच्या पुस्तकात बांगलादेशातील ग्रामीण बँकेचे उदाहरण होते. ते उत्तमच आहे. परंतु आपण राहतो सीताबर्डीवर. आणि ज्या मातृसेवा संघाचा पत्ता येथे कधी कोणास समजावून सांगावा लागला नाही, त्याचे नाव त्या पुस्तकात नव्हते.

कमलाबाई होस्पेट ह्यांचा जन्म १८९६ सालचा. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांस वैधव्य आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे उर्वरित आयुष्य कसे जावयाचे, हे वाचकांस सांगावयास नको. आपल्या प्रत्येकाच्या घरी तसे एखादे आयुष्य होऊन गेलेले आहे. त्या मात्र नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचर्या व प्रसूतिकर्म शिकल्या, आणि १९२१ साली वेणूताई नेने ह्यांच्या सहकार्याने त्यांनी मोजक्या खाटांचे एक सूतिकागृह उघडले. तोच मातृसेवा संघ. पुढे त्याच्या नागपुराबाहेरही शाखा निघाल्या, परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले, १९५८ साली समाजकार्याचे महाविद्यालय निघाले; कमलाबाईंस १९६१ साली पद्मश्री मिळाली. हा विस्तार मोठा खरा, पण मला नवल वाटते ते पहिल्या पावलाचे.

चरकाने शारीरस्थानात सूतिकागार कसे असावे हे किती बारकाईने सांगितले आहे! आणि आपण, त्याच परंपरेचे अभिमानी, बाळंतिणीस कोठे ठेवीत होतो? घरातील सर्वांत अंधाऱ्या खोलीत, धुराच्या शेगडीपाशी. नाळ कापावयास जे हाताशी येईल ते घ्यावयाचे. मग धनुर्वाताने मूल गेले की नशिबास बोल लावावयाचा. रुग्णालये नव्हती असे नाही. लेडी डफरिन ह्यांनी स्त्रियांच्या उपचारांसाठी १८८५ सालीच निधी उभारला होता. परंतु सोवळ्याची, परपुरुषाची आणि परक्या भाषेची भीती ओलांडून तेथवर जाणाऱ्या बायका थोड्या. एकीकडे विश्वासाच्या, शिकलेल्या हातांवाचून माता मरत होत्या. दुसरीकडे ज्यांस कोणतेही काम नेमून दिलेले नाही अशा तरुण विधवा घरोघर कोपऱ्यात बसल्या होत्या. कमलाबाईंनी एका दुःखास दुसऱ्याचे औषध केले. ज्या स्त्रीचे दर्शन मंगलकार्यात वर्ज्य, तिच्याच हाती जन्माचे मंगल सोपविले. ह्यास यंत्र लागले नाही की मोठा निधी लागला नाही. लागले ते एवढेच, की अमुक काम अमक्याचेच हा समज मोडणे.

हाच समज पुन्हा मोडला तो गडचिरोलीत. नागपूर विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्या दांपत्याने १९८६ पासून तेथे ‘सर्च’ संस्थेचे काम चालविले. खेड्यातील दाईस मोठे आकडे मोजता येत नसत. मग तान्ह्या मुलाचा श्वास मिनिटास किती हे तिने कसे ठरवावे? त्यांनी तिला मिनिटभराची वाळूची घडी आणि मणी दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजावा. अक्षरशत्रू म्हणून जिला आपण अज्ञानी म्हणतो तिचे अज्ञान इतके स्वस्तात नाहीसे झाले, हे वाचून माझ्यातील मास्तर थोडा ओशाळला.

त्याहून धीटपणाचे काम पुढेच होते. एकोणचाळीस गावांत खेड्यातीलच स्त्रियांस शिकवून त्यांच्याकडे नवजात अर्भकांची घरी जाऊन देखभाल सोपविली. डॉक्टरावाचून सुई कोणी टोचावी काय, हा प्रश्न सुटा नव्हताच. तरी जंतुदोष झालेल्या अर्भकास ह्या ‘आरोग्यदूत’ स्त्रिया औषध व सुई देऊ लागल्या. पूर्वी अशा आजाऱ्यांपैकी शेकडा १६.६ दगावत, उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण २.८ वर आले. १९९३ ते १९९५ ह्या काळात हजार जन्मांमागे बासष्टच्या आसपास असलेला नवजात मृत्यूचा आकडा १९९७-९८ पर्यंत २५.५ वर उतरला, तेही शेजारच्या गावांशी ताडून पाहून. १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात नियतकालिकाने हे वृत्त छापले, आणि २०११ साली भारत सरकारने घरोघरच्या नवजात-परिचर्येचे काम ‘आशा’ कार्यकर्त्यांकडे दिले.

येथे एक कटु गोष्ट लिहिणे भाग आहे. आशांस वेतन नसून मानधन मिळते. ते वाढावे म्हणून महाराष्ट्रात २०२१ साली त्यांस संप करावा लागला. काम बायकांचे असले की त्यास ‘सेवा’ म्हणावयाचे आणि सेवेस मोल नसते असे म्हणत खिसा मिटावयाचा, ही आपली जुनी युक्ती. ती करताना आपणांस कोणताही नवोपक्रम सुचत नाही.

नातवास हे सारे सांगितले. तो म्हणाला, "पण ही मंडळी मोठी, आजोबा. आपल्या घरी असं कुणी होतं का?"

होती. माझ्या आजोबांची धाकटी बहीण, आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू, कमलाबाईंच्याच वयाची, आणि त्यांच्याप्रमाणेच बालविधवा. माझ्या लहानपणी ती फार थकलेली होती. तिचे लुगडे आलवणाचे, बोलणे बेताचे. घरात व गल्लीत कोणाची अडलेली सुटका असली की रात्री कंदील घेऊन तिलाच बोलावीत. तिचे हात शहाणे आहेत हे सर्वांस ठाऊक होते. तिला शिकवावे, डफरिनला पाठवावे, हे माझ्या पणजोबांस सुचले नाही. सुचले असते तरी चार माणसांपुढे ते बोलले नसते. ते संस्कृतज्ञ होते, दुष्ट नव्हते.

माझ्या वडिलांचा जन्म तिच्याच हातांवर झाला. बाराव्या दिवशी पाळण्यापाशी साऱ्या सुवासिनी जमल्या, तेव्हा ती माजघराच्या दाराआड उभी होती. हे मजला वडिलांनीच सांगितले. त्यांस ते कोणी सांगितले, तिनेच की काय, हे मात्र विचारावयाचे राहून गेले.