यूज केस : सॉफ्टवेअर बांधण्याआधी सांगायची गोष्ट

१९७६ साली स्टॉकहोमजवळच्या सोदर्तेल्ये गावी ‘एएक्सई’ जातीचे पहिले टेलिफोन एक्स्चेंज बसवले गेले. एरिक्सन कंपनी आणि स्वीडनचे सरकारी दूरध्वनी खाते यांनी एलेमटेल नावाची संयुक्त कंपनी काढून ते घडवले होते. कॉल जोडण्याचा सगळा कारभार संगणकाकडे होता आणि त्या संगणकाचा प्रोग्राम वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये विभागला होता. ग्राहकाची लाइन, डायल केलेला नंबर, बिलाची नोंद अशी कामे ब्लॉकांनी आपसात वाटून घेतलेली. एका ब्लॉकमध्ये दुरुस्ती करताना बाकीच्यांना धक्का लागू नये, हा त्यामागचा हिशेब. १९६७ पासून एरिक्सनमध्ये या पद्धतीचा आग्रह धरणाऱ्या इंजिनिअरचे नाव इव्हार जेकबसन.

ब्लॉक पाडले तशी एक नवी अडचण समोर आली. फोन करणाऱ्याला ब्लॉकांशी काहीच देणेघेणे नसते. तो रिसीव्हर उचलतो, डायल टोन ऐकतो, नंबर फिरवतो, बोलतो आणि रिसीव्हर ठेवतो. त्याच्या लेखी हे एक काम आहे, पण आत ते कित्येक ब्लॉकांतून धावते. एकेका ब्लॉकचे वर्णन कितीही चोख लिहिले तरी त्यातून अख्खा कॉल कुठेच वाचायला मिळत नाही. म्हणून एरिक्सनमध्ये कॉलचीही स्वतंत्र वर्णने लिहीत. त्यांना ‘ट्रॅफिक केस’ म्हणत. प्रत्येक ब्लॉकसाठी एक उभी रेघ आणि ब्लॉकांमधल्या निरोपांसाठी आडवे बाण, अशी चित्रेही त्यासोबत असत. आज सीक्वेन्स डायग्राम म्हणून शिकवतात ती चित्रे याच घराण्यातली.

१९८६ मध्ये जेकबसन यांनी ही युक्ती टेलिफोनच्या बाहेर काढली. कुठल्याही सॉफ्टवेअरपाशी कोणीतरी काहीतरी हेतू धरून येते. तो हेतू साधेपर्यंत, किंवा फसेपर्यंत, दोघांमध्ये जे जे घडते ते सलग सांगायचे. या एका सलग व्यवहाराचे नाव यूज केस. येणारा तो ‘अ‍ॅक्टर’. अ‍ॅक्टर म्हणजे व्यक्ती नसून भूमिका असते. बँकेचाच कारकून स्वतःच्या खात्यातून पैसे काढायला आला की तो ग्राहक ठरतो, आणि अ‍ॅक्टरच्या जागी दुसरे एखादे यंत्रही असू शकते. १९८७ मध्ये जेकबसन यांनी हा विचार परिषदेत मांडला, एरिक्सन सोडून ऑब्जेक्टरी ही कंपनी काढली, आणि १९९२ मध्ये त्यांचे जाडजूड पुस्तक आले. सॉफ्टवेअरच्या गरजा तोवर बहुतेक ठिकाणी ‘प्रणालीने असे करावे, प्रणालीने तसे करावे’ अशा शेकडो सुट्या कलमांत लिहिल्या जात. ती यादी वाचून कोणाला काय हवे आहे हे कळणे अवघडच होते.

पाठ्यपुस्तकांचे आवडते उदाहरण एटीएमचे आहे. ते गुळगुळीत झाले असले तरी जवळून पाहण्याजोगे आहे. यूज केसचे नाव ‘रोख रक्कम काढणे’, अ‍ॅक्टर खातेदार. पूर्वअट अशी की यंत्र चालू आहे आणि बँकेशी जोडलेले आहे. मग मुख्य प्रवाह : १. खातेदार आपली ओळख पटवतो. २. यंत्र ती बँकेकडून तपासून घेते. ३. खातेदार रक्कम सांगतो. ४. बँक रकमेला मंजुरी देते. ५. यंत्र नोटा देते आणि खातेदार त्या उचलतो. ६. यंत्र व्यवहाराची नोंद करते. सगळे सुरळीत पार पडले तर घडते ते एवढेच. हे लिहायला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

खरे लेखन त्यानंतर सुरू होते. प्रत्येक पायरीवर थांबून एकच प्रश्न विचारायचा : इथे दुसरे काय होऊ शकते? २अ : पिन चुकला. ४अ : खात्यात तेवढे पैसे नाहीत. ४आ : दिवसाची मर्यादा संपली. ५अ : मागितलेल्या रकमेच्या नोटा यंत्रात नाहीत. इथपर्यंत कोणीही पोचतो. ५आ मात्र पाहा : नोटा बाहेर आल्या, पण खातेदाराने उचलल्याच नाहीत. काही सेकंद थांबून यंत्राने त्या परत आत ओढाव्यात, हे सहज सुचणारे उत्तर. भामट्यांनी त्यातच फट शोधली. गड्डीच्या मधल्या नोटा अलगद काढून घ्यायच्या, वरखालच्या तशाच ठेवायच्या, यंत्राने त्या गिळल्या की पैसे मिळालेच नाहीत म्हणून तक्रार करायची. म्हणजे ५आ ला आणखी एक फांदी : परत आलेल्या नोटा मोजल्या की नाही?

५इ आपल्याकडे बऱ्याच जणांनी भोगलेली आहे. खात्यातून पैसे वजा झाले आणि यंत्रातून नोटाच आल्या नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने यासाठी वेळेची चौकट आखून दिली. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप खात्यात परत जमा झाली पाहिजे, उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई. बारकाईने वाचले तर हा नियम म्हणजे एका पर्यायी वाटेचे वर्णनच आहे. प्रसंग, प्रणालीने करायची कृती, मुदत आणि मुदत चुकल्यास पुढे काय, सगळे त्यात आहे.

पायऱ्यांचा क्रमही निर्णायक ठरतो. पैसे हातात पडले की ग्राहकाच्या मनात काम संपलेले असते, मग कार्ड यंत्रातच राहून जाते. म्हणून अनेक यंत्रे कार्ड आधी परत करतात आणि नोटा मागाहून देतात. शब्दांची निवडही तितकीच महत्त्वाची. पहिल्या पायरीत मी ‘कार्ड घालतो’ असे लिहिले नाही, ‘ओळख पटवतो’ असे लिहिले. सॉफ्टवेअर रचनेचे अभ्यासक लॅरी कॉन्स्टंटाइन यांचा या बाबतीत कटाक्ष असे : हेतू लिहा, बटणे लिहू नका. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना यूपीआयच्या आधारे कार्डाविना रोख देण्याची मुभा दिली, तेव्हा ‘कार्ड घालतो’ हे वाक्य जुने झाले. ‘ओळख पटवतो’ तसेच राहिले.

फांद्या न सांगितल्या तर काय होते, याचे दस्तऐवजात नोंदलेले उदाहरण लंडनचे आहे. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तिथल्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेने कागदी चिठ्ठ्यांची पद्धत सोडून गाड्या पाठवण्याचे काम संगणकाकडे दिले. कोणती गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे की नाही, ही माहिती जवळपास बिनचूक मिळत राहील, असे त्या प्रणालीने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात गाडीतल्या माणसांनी धावपळीत बटण दाबले नाही, कधी चुकीचे दाबले, कधी रेडिओ पोचला नाही. प्रणालीला गाड्या सापडेनात. एकाच रुग्णासाठी पुन्हा पुन्हा आलेले फोन एकच आहेत हे तिला ओळखता येईना. इशाऱ्यांची यादी एवढी वाढली की जुने संदेश पडद्यावरून वर सरकून दिसेनासे झाले. उशीर झाला म्हणून लोक पुन्हा फोन करत आणि त्या फोनांनी यादी आणखी लांबे. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धेमुर्धे जुन्या पद्धतीवर परतावे लागले. यूज केस लिहिले असते तर हे टळले असते असा दावा मी करणार नाही. पण ‘गाडीने कळवलेच नाही तर?’ हा प्रश्न या पद्धतीत पायरीगणिक विचारावाच लागतो.

जेकबसन यांची ऑब्जेक्टरी १९९५ मध्ये रॅशनल कंपनीने विकत घेतली. तिथे आपापल्या पद्धती मांडलेले ग्रेडी बूच आणि जेम्स रंबॉ आधीपासून होते. या तिघांच्या पद्धतींच्या मिलाफातून यूएमएल ही चित्रभाषा तयार झाली आणि १९९७ मध्ये ओएमजी या संस्थेने तिला मानक म्हणून स्वीकारले. माझ्या मते यूज केसचे नुकसानही इथूनच सुरू झाले. यूएमएलमध्ये काड्यांचा माणूस आणि लंबगोल असे एक सुटसुटीत चित्र आहे. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी जर्नलमध्ये ते हमखास काढलेले असते, आणि लंबगोलात ‘लॉगिन’ लिहिले की यूज केस झाला असे समजून पान उलटलेले असते. लंबगोलात नुसते नाव असते. ५आ आणि ५इ राहतात त्या मजकुरात, आणि तो लिहायचे कष्ट कोणालाच नको असतात.

मजकुराकडे पुन्हा लक्ष वेधण्याचे श्रेय बरेचसे अ‍ॅलिस्टर कोबर्न यांच्या २००० सालच्या पुस्तकाला जाते. वर वापरलेली ‘४अ, ४आ’ अशा धाटणीची मांडणी त्यांनीच रूढ केली. शिवाय त्यांनी उंचीची एक मोजपट्टी दिली : ढग, पतंग, समुद्रसपाटी, मासा, शिंपला. ‘बँकेचा व्यवसाय चालवणे’ ढगांत, ‘पिन तपासणे’ पाण्याखाली. समुद्रसपाटीला काय बसते हे ओळखायची खूण अशी : एका माणसाने एका बैठकीत, दोन ते वीस मिनिटांत पुरे केलेले आणि त्यानंतर तो समाधानाने उठून जाईल असे काम. ‘रोख काढणे’ त्यात बसते. ‘लॉगिन’ बसत नाही, कारण नुसते लॉगिन करून कोणी खूश होऊन घरी जात नाही.

गंमत म्हणजे हेच कोबर्न २००१ मध्ये, सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बांधावे असे सांगणाऱ्या अजाइल जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सतरा जणांत होते, आणि अजाइलच्या लाटेतच यूज केस मागे पडले. त्यांची जागा युजर स्टोरीने, म्हणजे छोट्या कागदी कार्डावर मावणाऱ्या गरजेच्या एक-दोन ओळींनी, घेतली. ती लिहायला हलकी आणि पंधरवड्याच्या कामात बसणारी, पण फांद्या तिच्यात मावत नाहीत. जेकबसन यांनी २०११ मध्ये सहकाऱ्यांसह यूज केसची नवी आवृत्ती मांडली, ती हाच पेच सोडवण्यासाठी. तिच्यात पूर्ण यूज केस एकदम बांधायचा नसतो. त्यातून एकच वाट उभी कापून घ्यायची, चाचणीसकट पुरी करायची, मग पुढची. पहिल्या कापात योग्य पिन आणि पुरेशी शिल्लक, दुसऱ्यात चुकलेला पिन, आणि न उचललेल्या नोटा त्यांची पाळी येईल तेव्हा. २०२३ मध्ये जेकबसन आणि कोबर्न यांनी यूज केसची आजही गरज आहे असे सांगणारा लेख एकत्र लिहिला.