ठिणगीवाचून पेटणारे इंजिन

सायकलच्या चाकात हवा भरून झाल्यावर पंपाच्या तळाला हात लावून पाहा. तो भाग चांगलाच तापलेला असतो. तेथे विस्तव नसतो, ऊनही नसते. मग ही उष्णता कोठून आली? हवा कोंडून जोराने दाबली की ती तापते, हा निसर्गाचा नियम आहे. याच साध्या नियमावर डिझेल इंजिन चालते.

हा नियम कामास लावणारे रुडॉल्फ डिझेल हे जर्मन अभियंते होते. त्यांचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे झाला. वाफेच्या इंजिनात कोळशाची बहुतेक उष्णता वाया जाते, हे त्यांना खटकत असे. १८९३ साली त्यांनी आपल्या इंजिनाची पहिली चाचणी घेतली आणि चार वर्षांच्या अविश्रांत खटपटीनंतर, १८९७ साली, आउग्सबुर्ग येथे त्यांना यश आले. इंधनातील सुमारे चौथा हिस्सा शक्ती त्यांच्या इंजिनाने कामी लावून दाखविली. त्या काळी ही मोठीच मजल होती.

आपल्या महाराष्ट्रात या इंजिनाने शेतकऱ्याचे कष्ट हलके केले. पूर्वी विहिरीवर मोट चाले. बैलांची जोडी दिवसभर धावेवरून पुढेमागे करी, तेव्हा कोठे पाटाला पाणी येई. लोखंडी नांगर बनवून नावारूपास आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगसमूहाने १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव हे अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले होते. त्यांनी या कामाचे नेतृत्व केले. खडकीची इंजिने गावोगावच्या विहिरींवर पोहोचली आणि पंपाचे पाणी शिवारात खेळू लागले.

आता हे इंजिन चालते कसे ते पाहू. त्याच्या पोटात सिलिंडर नावाचे भक्कम नळकांडे असते आणि त्यात एक दट्ट्या खालीवर सरकत असतो. प्रथम दट्ट्या खाली जातो, एक झडप उघडते आणि बाहेरची हवा आत येते. मग झडप मिटते व दट्ट्या वर येऊन कोंडलेली हवा दाबू लागतो. तिचे आकारमान सुमारे सतराव्या हिश्शाइतके उरते आणि ती पाचशे अंश सेल्सिअसहूनही अधिक तापते. नेमक्या त्याच क्षणी बारीक छिद्रांतून डिझेलचा फवारा आत उडतो आणि ठिणगीवाचूनच पेट घेतो. तप्त वायू फुगतात व दट्ट्याला खाली रेटतात. शेवटी दुसरी झडप उघडते आणि वर येणारा दट्ट्या धूर बाहेर हाकलतो.

या चार धावांपैकी शक्ती मिळते ती एकाच धावेत. उरलेल्या तीन धावा पार पडतात त्या जड चाकाच्या गतीमुळे. इंजिनाला ते अवजड चाक जोडलेले असते ते यासाठीच. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात एका सिलिंडरमध्ये दर मिनिटाला ७५० वेळा इंधन पेटते!

असे यंत्र राबते खूप, परंतु त्याची निगाही राखावी लागते. हवेबरोबर धूळ आत गेली, तर ती कानशीप्रमाणे सिलिंडर घासून काढते. म्हणून हवेची गाळणी वरचेवर साफ करावी. फवाऱ्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की, डिझेलमधील कचऱ्याने ती बुजतात. म्हणून डिझेल गाळूनच घालावे. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये, कारण इंधनाच्या नळीत हवा शिरली की फवारा बंद पडतो. ती हवा काढून टाकल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. वंगणाचे तेल पट्टीने रोज मोजावे आणि काळवंडून निकामी होण्यापूर्वी बदलावे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी खेळते आहे ना, हेही पाहावे. मात्र तापलेल्या इंजिनावर एकदम गार पाणी कधीही ओतू नये. त्याने धातूला तडा जातो.

जाणता कारागीर इंजिनाचा धूर पाहून त्याचे दुखणे ओळखतो. धूर काळा असेल, तर हवा अपुरी पडते आहे किंवा भार फार झाला आहे. निळसर असेल, तर वंगणाचे तेल जळत आहे. वेळीच लक्ष दिले, तर थोड्या खर्चात काम भागते. हयगय झाली, तर ऐन हंगामात इंजिन अडून बसते आणि विहिरीला पाणी असूनही डोळ्यांदेखत पीक वाळते.

धूर हा केवळ इंजिनाचाच नव्हे, तर माणसाचाही शत्रू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगास कारण ठरतो, असे जाहीर केले. बंद खोलीत तर त्यातील विषारी वायू जीवही घेऊ शकतो. म्हणून इंजिन नेहमी मोकळ्या हवेत चालवावे. आज पुष्कळ विहिरींवर विजेचे पंप आले आहेत. तरीही वीज गेली की इस्पितळातील दिवे अनेकदा डिझेल इंजिनच तेवत ठेवते. ते यंत्र त्या वेळी पहिल्याच प्रयत्नात सुरू होते, कारण कोणीतरी त्याची गाळणी, तेल आणि पाणी आधीच पाहून ठेवलेले असते. त्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक नसते; पण अनेकांचे प्राण त्याच्या दक्षतेवर अवलंबून असतात.