हात गेला तरी हुन्नर जात नाहीं

सोलापूर हें हातांच्या कसबावर उभें राहिलेलें शहर आहे. १८७७ सालीं येथें निघालेल्या जुन्या गिरणीचा भोंगा केव्हांच थांबला. तथापि यंत्रमागावरील चादर व टॉवेल यांनीं शहराचें नांव राखलें आहे. ज्या गांवाची मिळकत हातांवर, त्या गांवानें हात, पाय, कान किंवा दृष्टि अधू झालेल्या माणसाच्या रोजगाराची कोणती व्यवस्था केली, असा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

दानधर्मांत आमचे व्यापारी मागें नाहींत. पुण्यतिथीस अन्नदान होतें, तीनचाकी सायकली वाटल्या जातात, हारतुरे होतात. परंतु त्याच सायकलीवर बसून तोच मनुष्य दुसऱ्या दिवशीं पेढीवर काम मागावयास आला, तर 'पाहूं, कळवूं' या दोन शब्दांवर त्याची बोळवण होते. सरकारदरबारीं त्यास हल्लीं 'दिव्यांग' म्हणतात. पण नांव बदलल्यानें चूल पेटत नाहीं. दान एका दिवसाचें असतें. घरांतला मान राहतो तो महिन्याच्या पगारानें.

कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९९५ च्या कायद्यानें सरकारी नोकरींत शेंकडा किमान ३ जागा राखल्या. २०१६ च्या कायद्यानें त्या ४ केल्या व अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. नोकरींत असतां अपंगत्व आलें म्हणून सरकारी नोकरास काढतां येत नाहीं. झेपेल अशी दुसरी जागा त्याच पगारावर द्यावी लागते. याच तत्त्वावर, कर्तव्य बजावतांना पाय गमावलेल्या कुणाल सिंग या शिपायास सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं न्याय दिला. खासगी धंद्यांस मात्र हें बंधन नाहीं. तेथें शेंकडा ५ जागा अशा माणसांस मिळाव्यात म्हणून सरकारनें मालकांस उत्तेजन द्यावें, एवढेंच कलम आहे.

आमच्या शहराचें दुखणें नेमकें येथेंच आहे. यंत्रांत ज्याचीं बोटें जातात, त्या कामगारास १९२३ च्या कायद्यापासून भरपाईचा हक्क चालत आला आहे. पण भरपाई ही बोटांची किंमत होय, पुढील तीस वर्षांच्या रोजीची नव्हे. दवाखान्यांतून परतलेल्या विणकराच्या डोळ्यांस कापडांतला दोष पूर्वीप्रमाणेंच दिसतो. मालाची तपासणी, गठ्ठ्यांची नोंद, नव्या पोरांस शिकविणें हीं कामें तो करूं शकतो. त्यास घरीं बसविणें म्हणजे वीस वर्षांचें कसब उकिरड्यावर टाकणें होय.

'धंदा म्हणजे धर्मशाळा नव्हे,' असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य आहे. म्हणूनच आम्ही दया मागत नाहीं, पारख मागतों. कुष्ठरोगानें बोटें गमावलेल्यांनीं वरोऱ्याच्या आनंदवनांत शेती केली, माग चालविले. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची २०१६ सालीं केंद्रीय परीक्षेंतून निवड होऊनही, अंधत्वाचें कारण दाखवून रेल्वेच्या हिशेबखात्याची जागा त्यांस नाकारण्यांत आली. पुढल्याच वर्षीं त्यांनीं १२४ वा क्रमांक मिळविला, व पुढें त्या केरळांत सनदी अधिकारी म्हणून रुजू झाल्या. त्यांची दृष्टि बदलली नव्हती. पाहणाऱ्यांची बदलावी लागली.

सोय करणें म्हणजे मोठा खर्च असेंही नाहीं. ऐकूं न येणाऱ्यासाठीं भोंग्यासोबत दिवा लावावा. पायानें अधू असलेल्याचें मेज तळमजल्यावर ठेवावें. अंधास मजकूर वाचून दाखविणारा संगणक द्यावा. नोकरी मिळणें हें अर्धें काम. ती टिकणें हें उरलेलें अर्धें. ती टिकते पूर्ण कामास पूर्ण पगार मिळाल्यानें, आणि चूक झाल्यास इतरांप्रमाणेंच बोलणीं खावयास मिळाल्यानें!

समान संधीचें धोरण लिहून तें संकेतस्थळावर किंवा दर्शनी जागीं लावणें हें खासगी पेढ्यांसही कायद्यानें लागू आहे. २० किंवा अधिक नोकर असल्यास अशा माणसांस योग्य जागा कोणत्या, हेंही त्यांत लिहावें लागतें. आपल्या भिंतीवर तो कागद आहे काय, हें प्रत्येक मालकानें उद्यां दुकान उघडतांच पाहावें. नसल्यास कागद आधीं लावावा, आणि कागदांत लिहिलेली जागा मग रिकामी ठेवूं नये.