मालवणला जाताय? आधी चिवला गाठा!
मालवण म्हटलं की सगळे थेट तारकर्लीला पळतात. माझं ऐकाल तर सकाळ चिवला बीचवर काढा. रापण ओढत असतील तर नशीबच तुमचं! अर्धगोलात टाकलेलं लांबलचक जाळं दोन्ही टोकांनी माणसं किनाऱ्यावर खेचत आणतात, नि शेवटी वाळूत मासळी फडफडते.

मग धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर १६६४ मध्ये किल्ल्याचं काम सुरू झालं. चहूबाजूंनी खारं पाणी, तरी आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं पाणी गोडं! शिवराजेश्वराचं मंदिर चुकवू नका. (पावसाळ्यात होड्या बंद.)

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे ओहोटीची वेळ साधा, वाळूचा पट्टा उघडा पडतो. मालवणातलं रॉक गार्डन सूर्यास्ताला छान, पण गर्दी फार.