पांडुरंग सांगवीकर नोकरीला लागल्यावर

गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये जळगावकडची एक मुलगी रुजू झाली. पहिले दोन महिने ती कॉलवर तोंड उघडत नसे. एका रात्री रिलीज आटोपून आम्ही हिंजवडीत कॅबची वाट बघत उभे होतो, तेव्हा चार्जर काढताना तिच्या सॅकमधून ‘कोसला’ बाहेर आली. कोपरे झिजलेले, पहिल्या पानावर तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन नावं आणि हॉस्टेलच्या खोल्यांचे नंबर. ‘‘कॉलेजात तीनदा वाचली,’’ ती म्हणाली. ‘‘जॉइन झाल्यापासून उघडवत नाही. सोबत आणते मात्र रोज.’’

का उघडवत नाही, ते मी विचारलं नाही. पहिल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी माझीही प्रत माळ्यावर गेली होती.

एखादी कादंबरी ‘कल्ट’ होते ती काही खपाच्या आकड्यांवर होत नाही. कुणीतरी ती हातात कोंबतं, ‘वाच’ एवढंच म्हणतं, आणि महिनाभरात ती वाचणाऱ्याच्या बोलण्यात उतरते. ‘कोसला’ 1963 साली पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी काढली. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीतले आणि त्यांचा पांडुरंग सांगवीकरही पंचवीस वर्षांचा. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला आणि काहीच हाती न लागता गावी परतलेला हा मुलगा. त्याचे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ तेव्हापासून किती जणांच्या पत्रांत, डायऱ्यांत आणि कट्ट्यांवर येऊन बसले, याची गणती नाही.

विसाव्या वर्षी हे पुस्तक भेटलं की एक करार झाल्यासारखं वाटतं. आपण यांच्यातले होणार नाही. मग कॅम्पस इंटरव्ह्यू होतो, ऑफर लेटर येतं, घरी पेढे वाटले जातात आणि गळ्यात आयकार्ड पडतं. करार आपण मोडला, ही बोच तिथून सुरू होते. माझ्या ओळखीत ही बोच दोन तऱ्हांनी संपलेली मी पाहिली आहे. काहींनी वाचणंच सोडलं. काहींनी नोकरीत कधी जीव ओतला नाही, आपण इथले नाहीच असं समजत वर्षं काढली. दोन्हींत नुकसान आहे, आणि दुसऱ्यातलं जास्त आहे असं मला वाटतं, कारण त्यात दिवसाचे दहा तास वाया जातात.

पस्तिशीला मी प्रत माळ्यावरून खाली काढली. विसाव्या वर्षी वाचलेला पांडुरंग कामाला नकार देणारा होता. आता भेटलेला पांडुरंग वसतिगृहातली कामं हौसेने अंगावर घेत होता. त्याला खरोखर काहीतरी नीट करून दाखवायचं आहे. मग पैशाचा घोळ त्याच्या माथी येतो आणि निस्तरायला वडिलांच्या खिशात हात जातो. ही पानं मी कॉलेजात भराभर उलटली होती. आता एकेका पानाला थांबलो. भोळेपणाने जबाबदारी घेणारा आणि तिच्यात एकटा पडणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. त्याची इतकी खरी हकीकत मी दुसरीकडे वाचलेली नाही.

आणि त्याची भाषा. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ मला तेव्हा बेफिकिरी वाटत. नीट ऐकलं की कळतं, पांडुरंग आपलंच वाक्य तपासून बघतो आहे. सभांतली, भाषणांतली, वर्गांतली भाषा त्याच्या कानावर पडते आणि आतून पोकळ वाजते. ती आपल्याही तोंडात शिरेल याची त्याला भीती आहे. घरात लहान बहीण मनी जाते, तेव्हा तर कुठलाच तयार शब्द त्याच्या कामाचा राहत नाही. हा कान नोकरीत लागतो. ओनरशिप, अलाइनमेंट, व्हॅल्यू ॲड हे शब्द दुष्ट नाहीत, पण त्यांच्यामागे काम आहे की नाही हे ते सांगत नाहीत.

माझं एक उदाहरण देतो. एका वर्षी अप्रेझलच्या फॉर्मवर मी सगळ्या रकान्यांत तसले शब्द भरले. ते वाचून मी वर्षभर काय केलं, हे मलाच कळेना. त्या रात्री वहीत मराठीत लिहायला बसलो. दोन याद्या जुळवण्याचं एक काम माझ्याकडे होतं. त्यात दर महिन्याला काही नोंदी चुकत. चूक सापडायला नऊ दिवस गेले. एका फाइलीत आधी दिवस आणि मग महिना होता, दुसरीत उलटं. बारा तारखेपर्यंत दोन्ही वाचनं चालून जात, म्हणून चूक नुसत्या पहिल्या बारा दिवसांत येई. तेराव्या दिवसापासून सगळं आपोआप सरळ. हे लिहिलं आणि मला बरं वाटलं. हे काम होतं, आणि ते मी केलं होतं.

फ्रान्झ काफ्काकडे मी या वाटेनेच परत गेलो. ‘मेटामॉर्फॉसिस’ 1915 साली छापून आली. आपला किडा झालाय हे दिसल्यावरही ग्रेगोर साम्सा घड्याळाकडे बघतो. गजर चारचा होता, पाचची गाडी गेली, आता साडेसहा झाले. थोड्याच वेळात ऑफिसातून वरिष्ठ माणूस दारात हजर. पाच वर्षांत एक दिवस आजारी न पडलेल्या या फिरत्या विक्रेत्याला नोकरी सोडवत नाही, कारण आईवडील मालकाचं देणं लागतात. ज्याचे हप्ते पगारातून कापले जातात त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

काफ्का नोकरीत गुदमरत होता, हे खरं आहे. पण त्याचं नोकरीतलं कामही बघायला हवं. कायद्याची पदवी घेतलेला हा माणूस एका विमा कंपनीत जेमतेम नऊ महिने टिकला. 1908 साली तो प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत लागला आणि 1922 मध्ये आजारपणामुळे निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. वेळ आठ ते दोन, लिहिणं रात्री. 1910 मध्ये छापलेल्या संस्थेच्या अहवालात लाकडाला रंधा मारणाऱ्या यंत्रांवर त्याचा मजकूर आहे, आकृत्यांसकट. पाती चौकोनी दांड्यावर बसवलेली असत, त्यामुळे फिरताना पातं आणि टेबल यांच्यात फट पडे. लाकूड सरकवताना हात निसटला की बोटं त्या फटीत जात. दांडा गोल घ्या, फट अरुंद होते, हे तो एकेक मुद्दा धरून मांडतो. तुटलेल्या बोटांची चित्रंही त्यात आहेत. ग्रेगोरची सकाळ मिनिटामिनिटाने मांडणारी नजर इथेही काम करते आहे. ऑफिसचा जाच आणि ऑफिसचं काम या दोन गोष्टी त्याने एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. मला त्याच्याकडून हेच घ्यावंसं वाटतं.

उपमन्यू चॅटर्जींची ‘इंग्लिश, ऑगस्ट’ 1988 साली आली. लेखक स्वतः आयएएसच्या महाराष्ट्र केडरमधले. तिचा अगस्त्य सेन मदना नावाच्या रणरणत्या गावी प्रशिक्षणाला जातो, सोबत मार्कस ऑरेलियसचं पुस्तक नेतो आणि सहकाऱ्यांना स्वतःबद्दल खोटंनाटं सांगत राहतो. प्रोबेशनवरच्या माणसाचा एकटेपणा तिच्यात अचूक उतरला आहे. तरी मला ती पुन्हापुन्हा वाचवत नाही. अगस्त्यला कामाची गोडी लागण्याआधीच तो कंटाळलेला असतो.

नोकरी लागलेल्याने ‘कोसला’नंतर वाचावं ते नेमाड्यांचंच चांगदेव चतुष्टय. ‘बिढार’ 1975 सालची. मग ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’. चांगदेव पाटील इंग्रजीचा प्राध्यापक आहे. एक कॉलेज सोडतो, दुसऱ्या गावी रुजू होतो. खोली शोधतो, खानावळ लावतो, स्टाफरूममधले गट ओळखायला शिकतो. पांडुरंग जिथे थांबला तिथून पुढचं आयुष्य हे आहे. नावंही बघा. बिढार म्हणजे पाठीवर घेऊन हिंडायचं बिऱ्हाड, झूल म्हणजे बैलाच्या पाठीवर घालतात ते शोभेचं कापड. दर दोन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्याला आणि पदनामात नवा शब्द मिळालेल्याला यापेक्षा नेमके शब्द मला ठाऊक नाहीत.

त्या मुलीला मी ‘बिढार’ दिली. पुस्तकाबद्दल ती अजून काही बोललेली नाही. पण मागच्या मंगळवारी कॉलवर कुणीतरी म्हणालं, हे एंड टू एंड बघून घेऊ. सगळे हो म्हणाले. तिने माइक उघडला आणि विचारलं, ‘‘म्हणजे नेमकं कोण काय करणार?’’ काही सेकंद कुणीच बोललं नाही. मग लक्षात आलं की दोन टीम एकच काम धरून बसल्या होत्या आणि टेस्टिंगला माणूस कुणीच ठेवला नव्हता. तिने तीन नावं विचारून घेतली, प्रत्येकापुढे एकेक वाक्य लिहिलं आणि कॉल संपायच्या आत ते सगळ्यांना पाठवलं.