आभासी वास्तवातील जनक बुद्धिमत्ता

हेडसेटमधून पाहावयाची त्रिमितीय दृश्ये शब्दांतील वर्णनावरून वा छायाचित्रांवरून संगणकाकडून घडविण्याची पद्धती. केवळ वर्णनावरून वस्तू घडविणारी ‘ड्रीमफ्यूजन’ ही रीत २०२२ मध्ये पुढे आली. पुरातन वास्तूंच्या बाबतीत ही पद्धती आकर्षक तितकीच फसवी आहे. दुसरबीडजवळील सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांच्या वाड्याचे दृश्य उभारावयाचे झाल्यास महाद्वार व उभ्या भिंती छायाचित्रांवरून नेमक्या साकारता येतात. पडलेला भाग मात्र यंत्र इतरत्र पाहिलेल्या इमारतींच्या नमुन्यांवरून भरून काढते. त्यात एखादा राजस्थानी झरोकाही सहज शिरू शकतो व प्रेक्षकास तो दगडाइतकाच खरा भासतो. संगणकीय पुनर्रचनेत पुरावा कोणता व तर्क कोणता हे स्पष्ट करावे, असे लंडन सनदेच्या २००९ च्या आवृत्तीत म्हटले आहे. ही सीमारेषा यंत्र आपण होऊन राखीत नाही.